घसा हे कारण पुरेसे नाही

माझ्या वडिलांचा घसा बसला तो अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरात, बाजारात नवी संत्री यायला लागली तेव्हा. त्या घशावर इलाज करण्यात आमचं घर, शेजार आणि नागपुरातला जरीपटक्याचा बाजार मिळून इतकी माणसं गुंतली, की मोठ्या दवाखान्यात दाखवायचं तेवढं राहून गेलं. पुढच्या ऑगस्टमध्ये बाबा गेले. शेवट आधीच सांगून टाकते. मधल्या गोष्टीत हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि हसताना आपण कशावर हसतो आहोत हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

बाबा, म्हणजे देवराव गजघाटे, सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेचे हेडक्लार्क होते. कोणाला रजा हवी असली की अर्ज आधी त्यांच्या टेबलावर येई. ते त्यावर टिपणी लिहीत आणि मग तो मोठ्या साहेबांकडे सहीला जाई. मोठे साहेब दर दोन वर्षांनी बदलत, बाबांची टिपणी बदलत नसे, त्यामुळे येणारा प्रत्येक साहेब टिपणीखाली मुकाट्यानं सही करायला शिके. टेबलावर दोन पेन्सिली असत. निळी मंजुरीची, लाल नामंजुरीची. ताप हे कारण बाबांना चाले. कावीळ चाले. घरातला मृत्यू चाले, मात्र मृताशी असलेलं नातं स्पष्ट लिहिलेलं हवं. घसा चालत नसे. घशाच्या अर्जावर ते लाल पेन्सिलीनं एकच मजकूर लिहीत: "घसा हे कारण पुरेसे नाही. नामंजूर करण्यास हरकत नसावी."

याला इतिहास होता. क्रिकेटचं मैदान कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर. तिथे सामना लागला की कचेरीत घशाची साथ येई, आणि पाचव्या दिवशी खेळ संपला की ओसरे. या साथीचे पहिले रोगी नेहमी भैय्याजी. भैय्याजी बाबांच्या हाताखालचे क्लार्क, माणूस हुशार, अक्षर सुरेख, फक्त खुर्चीत सापडत नसत. एकदा बाबांनी अर्ज फेटाळला तरी ते मैदानावर गेले, आणि दुसऱ्या दिवशी ओरडून ओरडून खरोखरच बसलेला घसा घेऊन, पुरावा म्हणून, टेबलासमोर येऊन उभे राहिले. बाबांनी तो घसा लक्षपूर्वक ऐकला आणि लिहिलं: "घसा बसल्याचे दिसून येते. कारण: मैदान. नामंजूर करण्यास हरकत नसावी."

स्वतः बाबांनी बावीस वर्षांत आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते त्याच कचेरीत जावक कारकून होते, आणि तिथून चढत चढत त्या खुर्चीपर्यंत पोचणारे आमच्या वस्तीतले पहिले. एकदा अंगात ताप असताना ते सायकल काढू लागले तेव्हा आईनं अडवलं. "एक रोज नाही गेले तर काय होते?"

"दुसऱ्याची खुर्ची रिकामी दिसली तर लोक म्हणतात, अमका आज आला नाही," बाबा म्हणाले. "माही रिकामी दिसली तर अमका नाही म्हणत. दुसरंच काही म्हणतात."

ते दुसरं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. आईलाही ते विचारावं लागलं नाही.

आता आवाजाबद्दल. बाबांचा आवाज हा आमच्या नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांमधला तिसरा मोठा पदार्थ होता, पहिले दोन म्हणजे कपाट आणि दिवाण. सकाळी ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत, आणि वाचत म्हणजे नावापासून वाचत. नाव, तारीख, वार, मग बातम्या, मग धान्याचे भाव, मग जाहीर निविदा. आईला अक्षरओळख नव्हती. तिला जग कळावं म्हणून हे वाचन सुरू झालं, पण अमरावती रस्त्यावरच्या मोरीच्या दुरुस्तीची निविदाही तिला कळावी असा बाबांचा आग्रह असे. संध्याकाळी कचेरीतला दिवस ते पुन्हा एकदा पार पाडत, सगळ्यांचे संवाद स्वतः म्हणून. रविवारी विहारात वंदनेची सुरुवात त्यांच्या आवाजानं होई, आणि शेजारच्या अंजनाबाई, ज्या विहारात येत नसत, त्या आवाजावर भाताचं आधण ठेवत.

मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. ग्रंथालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणायची आणि तिसाव्या पानाच्या पुढे न जाता परत करायची, असा माझा वाचनाचा क्रम होता. घरात दुसरा आवाज शिरायला जागाच नव्हती, पुस्तकातलाही नाही.

तर नोव्हेंबरात हा आवाज बसला. आधी खरखरला, मग अर्धा झाला, मग कुजबुजीवर आला. ताप नाही, खोकला नाही, सर्दी नाही. बाबा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी लाल औषधाची बाटली दिली. दोन आठवड्यांनी पुन्हा जाऊन आले.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"घसा हाय म्हणाले," बाबा कुजबुजले.

एवढ्यावर माझं समाधान झालं. मी पदवीधर होते, शास्त्र शिकवत होते, आणि एका माणसाला घसा आहे हे निदान मी ऐकून घेतलं आणि पुस्तकाचं पान उलटलं.

यानंतर अंजनाबाईंनी प्रकरण हाती घेतलं. अंजनाबाईंच्या माहेरी शेजारच्या घरात एक वैद्य राहत असत, एवढ्या अधिकारावर त्या आमच्या ओळीत पंधरा वर्षं वैद्यकी करत होत्या. त्यांनी बाबांना अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवलं, आ करायला सांगितलं, आणि आत बघून आईला म्हणाल्या, "घसा काही रोग नाही वं भागीरथा. रोगाचा दरवाजा हाय. दरवाजा लावून टाकला का झालं."

दरवाजा लावण्याचा पहिला उपाय म्हणजे संत्री बंद. आता डिसेंबरात नागपुरात संत्री बंद करणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. त्याच आठवड्यात काटोलहून मामानं टोपलीभर पाठवली होती. ती टोपली दिवाणाखाली वास मारत राहिली आणि आम्ही तिच्यावर बसून हळदीचं दूध प्यायलो. मीही प्यायले, कारण अंजनाबाईंच्या मते घरातल्या एकाचा घसा धरला की बाकीचे रांगेत असतात.

दुसरा उपाय म्हणजे दृष्ट. मीठ-मिरच्या मुठीत घेऊन अंजनाबाई बाबांच्या मागून आल्या आणि दोनदा ओवाळून झाल्यावर बाबांच्या लक्षात आलं. आवाज असता तर तासभर भाषण झालं असतं. आवाज नव्हता, म्हणून त्यांनी खिशातला कागद काढून लिहिलं. हा त्यांचा पहिला घरगुती कागद, आणि मी तो वाचून दाखवला: "मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. मिरच्या भाजीत घालाव्यात."

तेव्हापासून बाबांनी सीमा आखली. जे प्यायचं ते शास्त्र, आणि जे बांधायचं किंवा ओवाळायचं ती अंधश्रद्धा. सीमा चांगली होती. अडचण इतकीच, की प्यायचं काय याची यादी अंजनाबाईंकडे होती.

त्या पहिल्या कागदानंतर घरात पत्रव्यवहार सुरू झाला. बाबांना साधी चिठ्ठी लिहिता येत नसे. ते मधे कार्बन घालून लिहीत, वर क्रमांक टाकत, आणि दुसरी प्रत "घर: संकीर्ण" नावाच्या फायलीत लावत. सकाळी चुलीजवळ आईच्या हातात कागद येई, ती तो माझ्याकडे आणी.

"पाय बरं वं प्रेमिला, काय म्हणून राहिले तुहे बाबा."

मी वाची. "जावक क्रमांक सतरा, घर. विषय: चहा. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आज साखर कमी पडली आहे."

"एवढा मोठा कागद साखरेसाठी?" आई म्हणे, आणि त्याच कागदानं सिगडी पेटवी. बाबा ते शांतपणे बघत. त्यांच्याकडे प्रत होती.

जेष्ठमधासाठी आम्ही जरीपटक्याला गेलो, कारण अंजनाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे खरा जेष्ठमध फक्त तिथल्या ओमप्रकाशकडे मिळतो, बाकी सगळे काड्या विकतात. ओमप्रकाशच्या किराण्याच्या दुकानात गर्दी होती. बाबांनी कागदावर लिहून दिलं: "जेष्ठमध, छटाकभर." ओमप्रकाशनं कागद वाचला, बाबांकडे पाहिलं, आणि गिऱ्हाइकं थांबवून ठेवली.

"गला है? कब से?"

बाबांनी हात हलवून, आहे आपला थोडे दिवस, असं दाखवलं.

"मुलेठी तो ले जाओ भाऊ, पर अकेली मुलेठी क्या करेगी," ओमप्रकाश म्हणाला आणि पुड्या बांधू लागला. जेष्ठमध, कंकोळ, खडीसाखर, सुंठ, आणि एक काळी गोळी जिचं नाव त्यानं सांगितलं नाही. तोवर बाकीच्या गिऱ्हाइकांनीही आपापले घसे आठवले होते. कोणी तुरटी सुचवली, कोणी लवंग जाळून, कोणी उंटाचं काहीतरी. निघताना ओमप्रकाशनं दिलेला धीर मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. "सब घर की चीज है. फायदा नहीं हुआ तो भी नुकसान कुछ नहीं."

नुकसान काही नाही. पुढचे तीन महिने आमच्या घरात हे वाक्य रोज कोणी ना कोणी म्हणत होतं.

जेष्ठमध वीस दिवस चालला. मग लाल दवा. लाल दवा म्हणजे विहिरीत टाकतात ते जांभळे दाणे, त्याच्या गुळण्या करायच्या. अंजनाबाईंनी सांगितलं चिमूटभर. पण बाबांना चिमूट हे माप मान्य नव्हतं, कारण चिमटीचा आकार व्यक्तीनुसार बदलतो. त्यांनी चहाचा चमचा घेतला. पाणी वांग्याच्या रंगाचं झालं. गुळण्या करून ते कचेरीत गेले तेव्हा ओठ, दात आणि जीभ गडद तपकिरी झाली होती. कचेरीच्या जिन्यात बाबांच्याच सहीचा फलक होता: "कार्यालयात पान खाऊन येणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल." त्या फलकाखालून बाबा त्या तोंडानं जिना चढले. सगळ्यांनी फक्त एकदा फलकाकडे आणि एकदा बाबांकडे पाहिलं, आणि बाबा संध्याकाळपर्यंत तोंडावर फाईल धरून बसले. हे मला नंतर भैय्याजींनी सांगितलं. बाबांच्या त्या दिवशीच्या कागदावर एवढंच होतं: "लाल दवा तत्काळ प्रभावाने बंद."

मग ओव्याचा धूर. दार लावून, डोक्यावर घोंगडी घेऊन, निखाऱ्यावर ओवा टाकून बसायचं. बाबा बसले. घोंगडीच्या कडेनं धूर येऊ लागला तसा समोरच्या घरातून कोणीतरी घागर घेऊन धावत आलं आणि दार उघडून घोंगडीवर ओतली. विझलेले, भिजलेले, ओव्याचा वास येणारे बाबा घोंगडीतून बाहेर आले आणि कागद शोधू लागले. कागदही भिजले होते. मी हसले. आई पदर तोंडात धरून हसली. बाबासुद्धा हसले, म्हणजे त्यांचे खांदे हलले. हसण्याचा आवाजही गेला होता, हे मला त्या क्षणी दिसलं. मी ते पाहिलं आणि पुढे काही विचार केला नाही.

विहारातला प्रसंग त्याच सुमाराचा. रविवारी सगळे बसले, हात जोडले, बाबांनी श्वास घेतला आणि तोंड उघडलं. काहीच आलं नाही. लोक थांबले. दुसऱ्यांदा त्यांनी मान ताणली, गळ्यावरच्या शिरा दिसल्या, आणि एक फाटका वारा बाहेर आला. तेव्हा बायकांच्या बाजूनं आईनं सुरुवात केली. जिला एक अक्षर वाचता येत नव्हतं तिला सगळी वंदना पाठ होती, बाबांच्या तोंडून ऐकून ऐकून, त्यांच्याच चालीत, त्यांच्याच थांब्यांसकट. लोक तिच्या मागे म्हणू लागले. घरी आल्यावर बाबांनी कागद दिला. "जावक क्रमांक ९३. वंदना व्यवस्थित झाली. दुसऱ्या ओळीत घाई."

मी तो वाचला तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "अजून काही नाही लिहिलं?" आणि तो कागद तिनं सिगडीत घातला नाही.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि तेच मी टाळते आहे.

त्या हिवाळ्यात मी अकरा पुस्तकं पूर्ण वाचली. सकाळी निविदा नाहीत, संध्याकाळी कचेरी नाही. घरात पाणी उकळल्याचा, पुड्या सोडल्याचा आवाज, आणि मी कोपऱ्यात, शेवटच्या पानापर्यंत. ती शांतता मला आवडली. बाबांचा आवाज यावा असं मला वाटत नव्हतं असं नाही, पण आजच यावा असंही वाटत नव्हतं. माणसाला घसा बसल्याची सवय होते. स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या.

जानेवारीत शाळेत आरोग्याचा एक तक्ता आला. कोणकोणत्या खुणा दिसल्या तर डॉक्टरांकडे जायचं त्याची यादी. मी सातवीच्या मुलींना ती फळ्यावर लिहून दिली. चौथी ओळ होती: आवाज बसून तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही, तर ताप व दुखणे नसले तरी, तज्ज्ञास दाखवावे. ओळ लिहिताना खडू मोडला. मी दुसरा घेतला, ओळ पूर्ण केली, आणि तिच्याखाली रेघ ओढली, कारण ती परीक्षेला येण्यासारखी होती. मग घरी गेले आणि बाबांना खडीसाखर दिली. हे दोन्ही मीच केलं.

फेब्रुवारीत बाबांचा कान दुखू लागला. अंजनाबाईंना हे शुभलक्षण वाटलं. "घशातलं कानात उतरून राहिलं. आता कानातून निघून जाईन." मग घसा मागे पडला आणि कान सुरू झाला. लसूण घालून कोमट केलेलं तेल, वर कापूस, वर मफलर. मार्चच्या उन्हात बाबा मफलर बांधून सायकलवर जात, आणि चौकातले लोक थांबून बघत. घास गिळताना ते डोळे मिटू लागले होते. पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. आईनं ते सुईनं पाडलं आणि म्हणाली, "पथ्यानं उतरले."

यातून आम्हाला बाहेर काढलं भैय्याजींनी. ते एका संध्याकाळी घरी आले. कचेरीतला माणूस बाबांच्या घरी येण्याची ही पहिली वेळ, त्यामुळे आईनं आधी खुर्ची पुसली आणि मग चहा ठेवला. बाबा आत अंघोळ करत होते. भैय्याजी खुर्चीच्या टोकावर बसले.

"ताई, दुपारच्या डब्याच्या वेळेला मी साहेबांच्या समोर बसतो," ते मला म्हणाले. "आठ रोज झाले, साहेब पोळी चहात कालवून खाऊन राहिले. तेही अर्धी. पाणी पितानी नाकातून येते."

"घसा आहे त्यांना," मी म्हटलं.

"हा क्रिकेटचा घसा नाही, ताई," भैय्याजी म्हणाले. "मले क्रिकेटचा घसा माहीत हाय. पंधरा वर्षं मी खोटा घसा काढून राहिलो. खोटा कसा असते, चिल्लावून बसलेला कसा असते, थंडीचा कसा असते, मले सगळे येतात. हा मले येत नाही."

फळ्यावरची चौथी ओळ तेव्हा मला आठवली, खालच्या रेघेसकट.

बाबा मफलर गुंडाळत बाहेर आले. भैय्याजी उभे राहिले. "साहेब, मोठ्या दवाखान्यात दाखवा ना. सकाळी असते तिथं. अर्ध्या रोजाचं काम हाय."

बाबांनी लिहिलं: "सकाळी कार्यालय असते."

"मी सांभाळतो ना खुर्ची."

बाबांनी कागद उलटला. मग लिहिलं: "आपण खुर्चीत सापडत नाही."

"आता सापडीन, साहेब."

दुसऱ्या दिवशी भैय्याजींनी बाबांना न विचारता थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांच्यासाठी रजा मागितली. साहेब लगेच हो म्हणाले. त्यांना तर वाटत होतं गजघाट्यांनी कधीच दाखवलं असेल. पण बाबा अडून बसले. तोंडी आदेश ग्राह्य धरता येत नाही, असा कागद त्यांनी भैय्याजींच्या हातावर ठेवला. भैय्याजी पुन्हा आत गेले आणि लेखी आदेश घेऊन आले. तो बाबांनी दोनदा वाचला, त्यातली एक वेलांटी सुधारली, आणि मगच घरी येऊन आम्हाला दाखवला.

सव्वीस मार्च, सोमवार. दवाखान्यात आम्ही चौघं गेलो, बाबा, आई, मी आणि थर्मास घेऊन अंजनाबाई. चिठ्ठीच्या खिडकीवर रांग होती, तिथून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, दुसऱ्या खिडकीवरून पहिल्या. तासभर आम्ही ज्या रांगेत उभे होतो ती डोळ्यांची निघाली. बाबांनी तेवढ्यात रांगेतल्या दोघांचे अर्ज दुरुस्त करून दिले.

कान-नाक-घशाचे डॉक्टर तरुण होते, कपाळावर आरसा बांधलेला. त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून आहे?"

"झाले असतीन पंधरा-वीस रोज," आई म्हणाली.

"दीड-दोन महिने," मी म्हटलं.

"बाप्पा, दीड महिना तर नुसता ओवा आणि लाल दवा," अंजनाबाई म्हणाल्या. "त्याच्या अगोदर जेष्ठमध वीस रोज. त्याच्या अगोदर हळदीचं दूध. मंग कानात तेल, ते आतापर्यंत चालू हाय."

डॉक्टर चिठ्ठीच्या कडेला आकडे मांडत होते. "तुम्ही कोण यांच्या?"

"शेजारीण."

"आणि हे सगळं कोणी सांगितलं?"

थर्मासचं झाकण घट्ट होतं, ते अंजनाबाई पुन्हा घट्ट करू लागल्या.

तेव्हा बाबांनी पिशवीतून "घर: संकीर्ण" काढली. तळाशी, पहिल्या कागदाच्याही खाली, एक घडी घातलेला अर्ज होता. तो त्यांनी डॉक्टरांसमोर उलगडला. अक्षर बाबांचं. दिनांक अकरा डिसेंबर. विषय, अर्ध्या दिवसाची रजा मिळणेबाबत. गेले दोन आठवडे घसा बसला असून, आणखी काही दिवसांत फरक न पडल्यास मोठ्या दवाखान्यात दाखवावे असा सल्ला स्थानिक डॉक्टरांनी दिला आहे, सबब. खाली सही, देवराव गजघाटे. आणि सहीखाली लाल पेन्सिलीनं, त्याच अक्षरात: "घसा हे कारण पुरेसे नाही. नामंजूर करण्यास हरकत नसावी."

तो अर्ज साहेबांपर्यंत गेलाच नव्हता. बाबांनी सकाळी लिहिला, स्वतःच्या टेबलावर ठेवला, त्याची पाळी आल्यावर वाचला, आणि फेटाळला. इतरांचे फेटाळले तसाच.

"पंधरा आठवडे," डॉक्टर म्हणाले. "आणि त्याआधीचे दोन." मग त्यांनी आरसा डोळ्यांवर ओढला, बाबांची जीभ कापडात धरली, आणि पुष्कळ वेळ आत पाहिलं. अंजनाबाईंनी अंगणात पाहिलं होतं त्याहून पुष्कळ जास्त वेळ.

स्वरयंत्राचा कॅन्सर होता. लवकर आलं तर हा आजार अनेकदा बरा होतो, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही लवकर आला नाहीत, असं ते म्हणाले नाहीत. बाबांनी खिशातून कागद काढला, कार्बन घातला, आणि लिहिलं: "रोजच्या बिड्या सहा होत्या. नोंद असावी."

पुढच्या पाच महिन्यांबद्दल मी इथे लिहिणार नाही. विजेचा शेक झाला, गळ्यात नळी बसली. त्या काळात बाबांचे कागद कमी झाले आणि क्रमांक मात्र चुकले नाहीत. शेवटचा ४०८. "प्रेमिलास. रात्रीचा दिवा बारीक करू नये. वाचावे." मी त्यानंतर वर्षभर पुस्तक उघडलं नाही.

दिवस झाल्यावर दोन आठवड्यांनी भैय्याजी आले. बाबांच्या खुर्चीवर तात्पुरते तेच काम पाहत होते. पिशवीत एक छापील फॉर्म होता.

"ताई, शेवटचे एकोणीस रोज साहेबांचा अर्ज नाही," ते खाली बघत म्हणाले. "त्याच्याशिवाय पुढचा कागद सरकत नाही. अर्जदाराची सही लागते, पण मी वरून विचारून आलो, वारसाची चालीन म्हणतात."

मी फॉर्म भरला. नाव, पद, शाखा, दिवस. मग रजेचं कारण हा रकाना आला. तिथे आजाराचं पूर्ण नाव मावलं असतं. दवाखान्याचे कागद समोरच होते. मी लिहिलं: घसा. आणि सही केली.

भैय्याजींनी तो शब्द पाहिला. त्यांनी खिशातून दोन पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या. मी ओळखल्या. लाल पेन्सिल झिजून नखाएवढी राहिली होती. निळी जवळजवळ पुरी होती, इतक्या वर्षांत दोन-तीनदाच टोक केलं असेल अशी. भैय्याजींनी निळी उचलली आणि आपल्या सुरेख अक्षरात सावकाश टिपणी लिहिली. मग उठले, दाराशी चपला घालून थांबले, आत बाबांच्या फोटोला "येतो, साहेब" म्हणाले, आणि फॉर्मची कार्बन प्रत आमच्याकडे ठेवून गेले.

आई चुलीजवळ बसली होती. तिनं तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

"काय लिहिलं वं त्यानं?"

"कारण पुरेसे आहे," मी सांगितलं. "मंजूर करण्यास हरकत नसावी."

"तसं नको सांगू," आई म्हणाली. "वाच. ते वाचत तसं."

मी कागद घेतला. खिडकीशी उभी राहिले, आणि कचेरीच्या नावापासून, फॉर्मच्या क्रमांकापासून, तारीख आणि वारापासून सुरुवात करून, एकही रकाना न सोडता, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचत गेले.